पहिले तुझा श्वास

गडचिरोली, डिसेंबर १९८६

माय,
तुले अन् बाबाले यशोधराचा जय भीम. मी बरी आहो, जेवण पोटभर भेटते.

इथी आमा नर्सबायांले ध्यान शिकवून राह्यले. मंग ते आमी पेशंटले शिकवाचं. पहिल्याच दिवशी शिबिराच्या बाई म्हणाल्या, "श्वासाकडे लक्ष द्या." तर साऱ्याजणी सवयीनं घड्याळ पाहून बाजूवालीचे श्वास मोजाले लागलो! बाई हसल्या. "घड्याळं काढा. दुसरीचा नाही, आपला श्वास पाहा."

तवा तू आठवली. बाबाले दम्याची उबळ आली का तू त्यायच्या छातीकडे पाहत आपलाच श्वास रोखून बसते. थंडीनं उबळ वाढली काय? खरं सांगजो.

सुट्टीत आली का पहिले तुले शिकवीन, मंग बाबाले. तोवर माय, श्वास घेत जाय.

तुझी,
यशोधरा