चिमणी कोणाकोणाला ठाऊक?

मंगळवार, ४ मार्च २०२५, दुपारी सव्वाचार.

फुकुशिमाची फुटलेली अणुभट्टी दाखवायला नेणाऱ्या बड्या सहल कंपनीची वेबसाइट मला आत घेईना, म्हणून फोन केला. तिथली मुलगी हसत म्हणाली, “आंटी, ‘चिमणी’ टाका ना. समोरच दिसतोय तुमचा पासवर्ड.”

चिमणी. हे गेल्यापासून मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. तिला दिसतो, मग आणखी कोणाला? माझ्या पासपोर्टची प्रतही त्याच खात्यात आहे.

तसं विचारलं, तर “टेन्शन नका घेऊ,” म्हणे. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला दुसऱ्याचं पाकीट उघडू देत नसत. तिकडे किरणोत्सर्ग मोजायला गळ्यात यंत्र अडकवणार. यांच्याकडची गळती कोण मोजणार?

जाणार तर आहेच. पण ईमेल केला आहे: शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा, ‘चिमणी’ कोणाकोणाला ठाऊक आहे?