साडूभाऊ, तुम्ही सुचवलेल्या इअरफोनविषयी

श्री. साडूभाऊ यांना,

नमस्कार. (वयाने तुम्ही मोठे म्हणून घालतो आहे. रागात असलो तरी रीत सोडलेली नाही.) तुमची तब्येत उत्तम असणारच, दुसऱ्याला खड्ड्यात घालणाऱ्यांची ती असतेच. गुडघे काय म्हणतात? थोरल्या मेव्हणीबाईंचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल, फक्त मी सोडून. फोन करायचा सोडून पत्र का लिहितो, असे वाटेल, तर त्यालाही तुम्हीच कारण. गेल्या वेळी तुमचा फोन आला, मी उचलला आणि पलीकडून तुम्ही हूं की चूं केले नाही. मी इतका वेळ हॅलो हॅलो करत राहिलो की शेजारणीने खिडकी लावून घेतली. ज्याला बोलायचे नाही त्याने फोन करू नये, असे माझे मत आहे आणि फोन ठेवण्यापूर्वी मी ते तुम्हाला ऐकवलेही. (तसे हल्ली कुणीच फोनवर धड बोलत नाही. कामावर माझा उजवा हात मशीनच्या बटणावर असतो, म्हणून फोन डाव्या हाताने डाव्या कानाला लावायची मला जुनी सवय, आणि त्या कानात नुसती खरखर येते. कंपनी बदलून पाहिली. ही कंपनीही तसलीच.)

आता रागाचे कारण. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितले, म्हणून मी घरापासून छापखान्यापर्यंत पायी जातो आणि पायी येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. वाट इतकी रटाळ आहे की काय सांगू. एक लांबच लांब भिंत, मग गोदामे, मग पूल आणि पुलापलीकडे पुन्हा भिंत. तेव्हा आमच्या मुलीने आपली जुनी कॅसेट माझ्या फोनमध्ये भरून दिली. तीच कॅसेट, सासरेबुवांच्या हॉलमध्ये आपण दोघांनी ते नावाड्याचे गाणे म्हटले होते ती. आठवते ना? एका माईकवर गायला आपण दोघांनीही साफ नकार दिला होता (तुम्ही म्हणालात मी माईक ओढतो, मी म्हणालो तुम्ही माईक खाता), शेवटी सासरेबुवांनी वैतागून खोलीच्या दोन टोकांना दोन माईक लावले आणि आपण दोन जावई एकमेकांकडे पाठ करून गायलो. तुम्ही या काठावरचा माणूस, विचारणारे. मी त्या काठावरचा नावाडी, उत्तर देणारा. मुलगी म्हणाली, बाबा, इअरफोन लावून ऐका, काका डाव्या कानात येतात आणि तुम्ही उजव्या. मला ती कल्पना इतकी आवडली की मी त्याच दिवशी इअरफोन घ्यायला निघालो. आणि पहिला जोड बिघडला तेव्हा माझी अक्कल शेण खायला गेली, कारण मी तुमचा सल्ला घेतला (तेव्हा तुम्ही बोलत होतात).

तुमचा सल्ला काय होता, ते इथे लिहून ठेवतो, पुढे नाकबूल कराल. महागडे घेऊ नका, आवाज तोच असतो, पैसे नुसते डबीचे घेतात. वायरचेच घ्या, चार्ज करायची कटकट नाही. रबरी बोंडे असलेले घ्या, चालताना पडत नाहीत. आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून घ्या, माणूस सज्जन आहे. यातल्या शेवटच्या वाक्याबद्दल तुम्हाला नरकात वेगळी खोली मिळायला हवी. पण आधी पहिल्या जोडाचे सांगतो. तो मी तुम्हाला न विचारता फुटपाथवर घेतला होता, त्यामुळे त्याचा दोष तुम्हाला देत नाही (मी न्यायी माणूस आहे). वायर खिशात घातली की खिशातच स्वतःशी गाठी मारून घ्यायची. पुलापर्यंत मी गाठी सोडवायचो आणि पुलावरून पुढे गाणे ऐकायचो. गाणे म्हणजे काय, तर फक्त मी. डावी बाजू मेलेली. कानात दगड घातल्यासारखी ठप्प. स्वस्तात घेतले, मेले, म्हटले ठीक आहे. मग तुमचा सल्ला मानून तुमच्या सज्जन दुकानदाराकडून रबरी बोंडांचा जोड आणला. बोंडांची तीन मापे दिली होती, ती बदलून बदलून माझे कान लाल झाले. आणि काय सांगू? डावी बाजू मेलेली.

आता तुम्ही फक्त डोळ्यांपुढे आणा. गाण्यात प्रश्न तुम्ही विचारता आणि उत्तरे मी देतो. प्रश्न गायब. भिंतीच्या कडेने मी एकटा चालतो आहे, कानात तंबोरा वाजतो आहे, मग सगळे शांत, आणि एकदम माझाच आवाज मला सांगतो, कमरेइतके. पुन्हा शांत. मग, माझ्याच बापाची. पुन्हा शांत. कुणी काही विचारलेले नाही आणि मी आपला उत्तरे देत सुटलो आहे. माझी बायको म्हणते घरीही माझे असेच असते, पण तिचे सोडा. गाण्याच्या शेवटी तुम्ही हाक मारता, येतोस का रे न्यायला, आणि मी म्हणतो, आलो, आलो, थांब जरा. ती हाकच नाही. मी पुलाच्या मध्यावर आलो, आलो करत उभा, आणि बोलावले कुणी आहे की नाही याचा पत्ता नाही. मला त्या दिवशी असा संताप आला की मी तसाच मागे फिरून दुकानात गेलो.

तुमच्या सज्जनाने काय केले सांगू? माझ्या कानातला इअरफोन घेतला, शर्टाला पुसला, स्वतःच्या कानात घातला आणि मान डोलवायला लागला. म्हणाला, दोन्ही बाजू छान वाजताहेत, काका, कोण गातंय? मी म्हटले, डावीकडे कोण गातंय ते सांग. तो म्हणाला, कुणीतरी जरा घाईत असलेले गृहस्थ. (म्हणजे तो ऐकत होता, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. पण तुमची घाई काय साऱ्या जगाला ठाऊक, त्याने अंदाजाने ठोकले असे मी धरले.) वर कानात घातलेला माल परत घेत नाही म्हणून पाटी दाखवली, आणि वर मला शहाणपण शिकवले, की उलटे घालून बघा, डावे उजवीकडे. साडूभाऊ, मी जन्म छापखान्यात काढला. चार रंग एकावर एक केसाइतकेही न हलता बसवणारा माणूस मी. ज्या वस्तूवर डावे लिहिले आहे ती मी आयुष्यात कधी उजवीकडे लावलेली नाही आणि लावणारही नाही. मी त्याला हे सर्व दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर सांगितले. गिऱ्हाइके निघून गेली. तुमचा सज्जन आता मला पाहिले की पंखा पुसायला स्टुलावर चढतो.

तिसरा जोड मुलीने दिला. बिनवायरचा. औषधाच्या डबीसारखी डबी, तीत दोन बिया. डबी चार्ज करायची, बिया चार्ज करायच्या, फोन चार्ज करायचा. घरात तीन प्लग आहेत ते तिन्ही माझ्या करमणुकीत अडकले आहेत आणि मिक्सर बंद आहे, म्हणून तुमची मेव्हणी, म्हणजे आमची ही, मला बोलत असावी (असावी म्हणतो, कारण हल्ली ती फार हळू बोलते. जेवताना माझ्या डावीकडे बसते आणि पूर्वीसारखी भांडत नाही. वयाने माणूस मऊ होतो, हे खरे). तर या बियांचीही डावी मेलेली. तीन जोड, तीन दुकाने, आणि तिन्हींची नेमकी तीच बाजू. आमच्या मशीनचेच बघा. बटण उजव्या हाताला, पण तिचे धूड इतकी वर्षे माझ्या डाव्या बाजूला आहे, कागद अडकायच्या आधी तिचा आवाज बदलतो तो मी डाव्या कानाने टिपतो. पूर्वी काय खडखडाट असायचा. आता जुनी झाली तरी कुजबुजल्यासारखी चालते. याला म्हणतात माल. कागद मात्र हल्ली न सांगता अडकतात, पण तो कागदाचा दोष. आणि रस्त्यावरचे लोक तर विचारूच नका. परवा एका सायकलवाल्याने डावीकडून येऊन माझ्या कोपराला धडक दिली. इअरफोन खिशात होते, तरीही म्हणतो कसा, पुलापासून घंटी वाजवतोय. धडधडीत खोटे.

हे झाले इअरफोनचे. आता दुसरा राग, जो खरे तर पहिला आहे. तुमच्या निवृत्तीच्या समारंभापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. का, हे तुम्ही सांगितले नाही, पण आपल्या बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे आपल्या घरांत गुप्त काही राहत नाही. समारंभात तुम्ही मला काहीतरी विचारलेत आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे केले, असे तुमचे म्हणणे आहे म्हणे. चारचौघांत अपमान केला म्हणे. काय विचारले, ते मेव्हणीबाईंनाही सांगत नाही म्हणे. साडूभाऊ, मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. तुम्ही माझ्या डाव्या हाताला, हारात बुडालेले. तुमचे साहेब तुमची स्तुती करत होते, मी ती शेवटपर्यंत ऐकली (सोपे नव्हते). तुम्ही मला काहीही विचारले नाही. मग साहेबांनी तुम्हाला गाण्याचा आग्रह केला, तुम्ही उठलात, माईकजवळ गेलात आणि मागे वळून माझ्याकडे असे पाहिलेत की जणू मी तुमची खुर्ची पळवली. मी हात हलवून म्हटले, गा, गा. तुम्ही घसा बसल्याचे सांगून परत आलात आणि तेव्हापासून मौन. इतक्या वर्षांच्या साडूपणाला हे शोभते का? मी वाईट माणूस असेन, तोंडाळ असेन, माईक ओढत असेन, पण तुम्ही हाक मारावी आणि मी मुद्दाम गप्प बसावे, असा मी नाही. हे तुम्हाला वाटू शकले, याचाच मला फार राग आला आहे. राग म्हणजे, रागच.

मेव्हणीबाईंना नमस्कार सांगा. तुमचा लोभ असो की नसो, माझा आहे, पण तो सध्या बंद ठेवला आहे.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. आमची शिडी अजून तुमच्याकडे आहे. भांडण वेगळे, शिडी वेगळी. ती पाठवा.

ता. क. दुसरा. पाकीट अजून चिकटवलेले नव्हते, म्हणून लिहितो. संध्याकाळी परतताना पुलाजवळ संतापाच्या भरात त्या बिया कानात कोंबल्या. चष्मा खिशात होता, अक्षरे दिसली नाहीत. गाणे लावले आणि पहिल्यांदा तुम्ही आलात. पाणी किती रे? उजव्या कानात, खणखणीत, तालाच्या थोडे पुढेच (दुकानदार बरोबर होता). नाव कुणाची रे? आणि मी नाहीच. मला वाटले, आता हिची उजवी मेली. मग चष्मा लावून पाहिले तर डावी बी उजव्या कानात होती. काढली, बरोबर घातली. तुम्ही गेलात, मी आलो. पुन्हा उलटी घातली. मी गेलो, तुम्ही आलात. येणारे जाणारे बघत होते. असे किती वेळ केले कुणास ठाऊक. मग खिशातून पहिला जोड काढला, त्याच्याही गाठी सोडवून उलटा घातला, आणि तिथेही तुम्हीच. नंतर मी कठड्याला टेकून डाव्या कानाजवळ नुसत्याच टिचक्या वाजवत उभा राहिलो. बोट बोटावर आपटत होते, एवढेच कळत होते.

ता. क. तिसरा. मघाशी हिला माझ्या उजव्या हाताला बसवून जेवलो. ती मुळीच मऊ झालेली नाही.

ता. क. चौथा. मुलीने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिथे म्हणे बंद पेटीत बसवून आवाज ऐकवतात आणि आला की बोट वर करायचे. मला एकट्याने जायचे नाही. हे बायकांना सांगू नका (म्हणजे सांगाच, तुमच्याने राहवणार नाही), पण येऊन घेऊन जा. आणि त्या दिवशी तुम्ही मला काय विचारले असेल, तेही पुलावर उभ्या उभ्या लक्षात आले. एकटे गायचे नव्हते तुम्हाला. मी खुर्चीत बसून हात हलवत राहिलो आणि तुम्ही माईकपाशी तसेच उभे, हे आता डोळ्यांपुढून हलत नाही. तुमचे उत्तर उशिरा देतो आहे, रागावू नका. आलो, आलो, थांबा जरा. एका माईकवर म्हणू. फक्त तुम्ही माझ्या उजवीकडे उभे राहा.