खांद्याची तजवीज

मी, चर्चची बाकं बनवणारा सुतार, वय सत्तरीपलीकडे, कुणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बुद्धी ठिकाणावर आहे. एक भीती मात्र आहे, ती कलम तीनमध्ये.

१. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक धाकट्या भावाला. त्याने माळा आवरावा. ही अट नाही, विनंती आहे. किती वर्षं सांगतोय.

२. रंधे, करवती, पटाश्या मेव्हण्याला. तो विकणार, हे मला ठाऊक आहे. निदान मातीमोल विकू नये.

३. आता भीतीविषयी. आमच्या धर्मप्रांतात तीन वस्त्या एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात: आम्ही डोंगरातून उतरलेले, बंदरावरचे आणि गिरणीसाठी आलेले. बिशप म्हणतात, आपण एक कुटुंब. खरंच आहे, मिस्साची उपासना तीन भाषांत, रुसवेफुगवे एकत्र. पण खांदा ज्या त्या वस्तीनेच द्यायचा, अशी रीत. माझी बायको गेली तेव्हा डोंगरातले आम्ही तीनच पुरुष उरलो होतो. तिला हातगाडीवरून नेलं. बाकीच्या वस्त्यांतले रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोप्या काढून उभे होते, पुढे एकही आला नाही. तेव्हापासून चर्चमध्ये मी फक्त बाकं दुरुस्त करायला जातो, प्रार्थना घरीच करतो. आता मी पेटीत असेन आणि उचलायला भाऊ व मेव्हणा, दोघंच. देवाच्या दारी सामानासारखं जायची मला फार भीती वाटते.

४. साक्षीसाठी आलेल्या बंदरावरच्या बेकरीवाल्याला वरचं कलम वाचून दाखवलं. त्याचा चेहराच उतरला. "अहो सुतारकाका, आम्हाला वाटलं तुमच्यात परक्याचा हात चालत नाही! तुम्ही बोलावलंच नाही." आम्हा डोंगरातल्यांना वाटायचं, अशा वेळी बोलवायचं नसतं, माणसं आपणहून येतात. एवढ्यावरून मी इतकी वर्षं त्याच्याकडचा पाव खाल्ला नाही. सबब, तिसरा खांदा त्याचा. साक्षीदाराला वारसा देता येत नाही, असं वकील म्हणतात. म्हणून त्याला नुसतं ओझं.

५. चौथ्या खांद्याची जागा कोरी सोडत होतो. तेवढ्यात दुसऱ्या साक्षीदार, गिरणीत माग चालवणाऱ्या बाई, म्हणाल्या, "सुतारदादा, तुमच्यात बायका खांदा देतात का?"

"आजवर नाही."

"आमच्यातही नाही. माझी उंची मोजून घ्या, पेटी कलायला नको."

मोजली. धाकट्याएवढीच भरली. दोघांना पुढे लावावं.

लिहून देणार: सुतार (सही)
साक्षीदार: १. बेकरीवाला (सही) २. मागवाल्या बाई (सही)
स्थळ: माझं कामाचं टेबल
दिनांक: राखेच्या बुधवारनंतरचा शुक्रवार