पंचाहत्तरपैकी पंचाहत्तर समाधान

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच घालतो, गोड मानून घे.) तुझी कंबर काय म्हणते? मी ठणठणीत आहे असं लिहिणार होतो, पण आता कागदावर खरंच लिहायचं ठरवलंय. का, ते ऐक.

सहा महिन्यांपूर्वी माझ्या हृदयाचे ठोके ताल सोडून पडायला लागले, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या, हे तुला ठाऊकच आहे. त्याच दिवशी नर्सबाईंनी एक कागद पुढे केला: उपचारांकडून तुमच्या अपेक्षा काय? मी लिहिलं, कपड्यांवर डाग पडू नयेत. (शिंप्याला दुसरी कसली अपेक्षा असणार?) आणि नेमका डागच पडला. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाला काजं करताना सुई बोटात गेली. एरवी बोट चोखलं की काम पुढे चालू. या वेळी रक्त थांबायचं नावच घेईना. गिऱ्हाईक दारातूनच ओरडलं, "अहो, मला गोळी लागलीय का?" आता गोळी मला लागली होती, हे त्याला कसं सांगणार!

त्या दिवसापासून गोळ्या बंद. दर महिन्याच्या रक्ततपासणीलाही दांडी. तुझी भावजय रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची, ती मी गुपचूप बटणांच्या डब्यात टाकायचो.

परवा मात्र दवाखान्यातूनच फोन आला, म्हणून जावंच लागलं. तिथे दुसरा कागद: उपचारांबद्दल किती समाधानी आहात? पंधरा प्रश्न, प्रत्येकी पाच गुण. अंगावर काळेनिळे डाग उठतात? मुळीच नाही. कामात अडथळा? छे! इतरांना शिफारस कराल? अवश्य! पंचाहत्तरपैकी पंचाहत्तर. (शाळेत मास्तरांनी मला एवढे गुण स्वप्नातही दिले नसते.) नर्सबाईंनी कौतुकानं तो कागद डॉक्टरांना दाखवला, आणि पाठोपाठ रक्ताचा अहवाल आला. डॉक्टर म्हणाले, "इतका समाधानी पेशंट मी पाहिला नाही. आणि गोळ्यांचा इतका शून्य परिणामही. बाहेर बसा जरा, मग खरं काय ते सांगा."

बाहेर शेजारी एक घड्याळजी बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. "माझा कागद भराल का?" म्हणाले. अपेक्षा काय लिहू, असं विचारलं, तर जड जिभेनं म्हणाले, "हा हात." चार महिने याच गोळ्या सोडल्या होत्या त्यांनी, आणि मग पक्षाघाताचा झटका आला. "काही होत नव्हतं ना," म्हणाले. ताई, ते दोन शब्द लिहिताना माझंच अक्षर वाकडं झालं.

मी आत गेलो, सगळं कबूल केलं आणि माझा कागद नव्यानं भरला. पंचाहत्तरपैकी एकोणीस. घरीही सांगून टाकलं. तुझी भावजय दोन तास बोलली नाही, मग चार तास बोलली. आता तिच्यासमोर गोळी गिळून जीभ दाखवावी लागते.

तुझा,
धाकटा

ता. क. हे तुझ्या करमणुकीसाठी लिहिलेलं नाही. "मला पण रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्यात, मी तर वर्षभर घेत नाही, मला काय झालं?" असं मला फोनवर कोण म्हणालं होतं? उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जा.

आणखी ता. क. तू पत्र अर्ध्यात फाडशील, म्हणून ते भावोजींच्या नावे पाठवलंय आणि तुला मोठ्यानं वाचून दाखवा, असं पाकिटावर लिहिलंय. भावोजी, नमस्कार. तुम्हाला हे माहीत नव्हतं ना?