एका पुडीचे तीन वाटे

मुरबाड, ४ जुलै १९४३
दवाखान्याच्या फेरीला धसईला जाऊन आले. बैलगाडीनं कंबर खिळखिळी केली. ठकी लेकीला दाखवायला आली होती. सोनी, चार वर्षांची. पोट मडक्याएवढं, हातपाय काड्या, झोपेत दात खाते. जंतच. पुडी दिली. रात्री पूड, पहाटे एरंडेल. "हां बाय," म्हणाली. हां म्हणायला ही माणसं पटाईत. करतील तेव्हा खरं.

११ जुलै
सोनी तशीच. काहीच पडलं नाही म्हणे. डॉ. म्हणाले, "नर्सबाई, पूड चांगली आहे, माणसं धड नाहीत." मलाही तसंच वाटलं. दुसरी पुडी दिली. चिखलात अनवाणी फिरू नका, हेही सांगितलं. वहाणा आणायच्या कुठून, ते ठकीनं विचारलं नाही. बरं झालं.

१८ जुलै
सरळ तिच्या घरी गेले, सिद्धगडाच्या पायथ्याशी. भाताची आवणी चाललेली, दुसरी पुडी अजून न सोडलेली. माझ्यादेखत सोडली आणि तीन वाटे करायला बसली. सोनी नि तिचे दोन भाऊ.
"अगं, काय करतेस!" ओरडलेच मी.
"एकलीला दिला नि दोगांनी तोंडाकडं बगायचा? आमच्यात असा नाय करत, बाय."
म्हणजे पहिल्या पुडीचंही हेच झालं. पोरांची पोटं चाचपली. तिघांचं एकच दुखणं. पुडी परत घेतली, तीन आणते म्हणाले.

२० जुलै
कपाट रिकामं. लढाईपायी मुंबईहून माल येत नाही. परत आणलेली तेवढीच एक. डॉ.: "पुरी एकाला द्या. वाटलीत तर वाया." मी मात्र तिघांचा शब्द देऊन बसले.

२१ जुलै
सोनीला दिली, तीच जास्त खंगलेली. ठकी म्हणाली, "तुमच्या हातानं द्या. माज्यानं नाय व्हायचा," आणि भिंतीकडे तोंड करून बसली. भाऊ दोघे शेजारी, आ वासून. त्यांच्या तोंडात गूळ घातला. थोरला म्हणाला, "यो गोड हाय. औषद नाय." फार वाईट वाटलं.

२४ जुलै
सोनीचे जंत पडले, ढीगभर. भाकर मागून खाल्ली. हे सांगायला ठकी आवणी टाकून मुरबाडपर्यंत चालत आली, दोन्ही पोरांना घेऊन. मला केवढा आनंद! मग म्हणाली, "आता या दोगांना."
"औषध नाही गं. कधी येईल ठाऊक नाही."
"असू द्या. बसतो आमी."
दुपारपासून दवाखान्याच्या पडवीत बसली आहेत. डॉ. म्हणतात, घरी पाठवा. तसं सांगायला मी दोनदा दारापर्यंत गेले नि न सांगताच मागे फिरले.