वड्यांविना मतदान

टूनगॅबी, सिडनी
सप्टेंबर २०२१

ती. ताईस,

मुरलीधरचा साष्टांग नमस्कार. भाऊजींची कंबर सरळ झाली का? तुझा दुसरा डोस झाला का? आम्ही घरात कोंडलेले, पण खाऊनपिऊन सुखी. सुखी म्हणजे कालपर्यंत. काल आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या मतदानाचा निकाल लागला आणि माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

शाळेच्या हॉलचं भाडं लेव्हीतून निघतं (लेव्ही म्हणजे घरटी वर्गणीच, पण इंग्रजीत मागितली की लोक निमूट भरतात). ती पुढे चालू ठेवायची का, यावर दर तीन वर्षांनी पालक मतदान करतात. नाही म्हणाले, तर शाळा बंद. आजवर कधी म्हणाले नाहीत. यंदा लॉकडाऊन, म्हणून मतपत्रिका टपालाने मागवल्या. मी अध्यक्ष या नात्याने सगळ्यांना फोन केले. जो तो म्हणाला, "नो वरीज मेट, आपलं मत शाळेलाच!" दत्तप्रसाद नावाचा एक पालक तर मराठीच्या काळजीने अर्धा तास बोलला. आणि पाकिटं फोडली तर लेव्ही आपटलेली! बंद पाकिटात माणूस किती निर्लज्ज होतो बघ. दारात दोन-दोन गाड्या आणि मातृभाषेसाठी एका पिझ्झाचे पैसे जड! (म्हणूनच तुला फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर माणसं काय बोलतात, त्याचा अनुभव ताजा आहे.)

विनीतापाशी संताप काढला, की आजवर माझ्या भाषणांनी जिंकत आलो, यंदाच काय झालं? ती भांडी पुसत म्हणाली, "तुझ्या भाषणांनी?" तिचं म्हणणं असं, की इथे निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्राच्या दारात सॉसेज भाजतात, तशी ती हॉलच्या दारात वडे तळायची. तिचा गरम वडा हातात धरून, तिच्यादेखत 'नाही'वर खूण करायची कोणाची छाती नव्हती. म्हणजे माझ्या इतक्या वर्षांच्या वक्तृत्वाची किंमत एक बटाटा! ही काय लोकशाही झाली?

तुझा (डिसेंबरात शाळेचं वर्ष संपेपर्यंत तरी अध्यक्ष),
मुरली

ता. क. लॉकडाऊन उठला की फेरमतदान घेतोय, हॉलमध्ये, समोरासमोर. वड्यांची कृती तातडीने पाठव. विनीता म्हणते, "या खेपेला तळ तू, भाषण मी करते."

ता. क. २. हे पत्र टेबलावर होतं. आमच्या स्वरदाने (घरात मराठीचा एक शब्द बोलेल तर शपथ) ते बोट ठेवून ठेवून वाचलं आणि विचारलं, "बाबा, व्हॉट्स निर्लज्ज?" ताई, जोडाक्षरं दोन्ही बरोबर! लसूण किती घालायचा, तेही लिही.