आत्याचा मान

१६ मार्च, वेस्ट विंडसर
बाळाला घेऊन घरी आलो. तिच्या पायातल्या पट्टीवर अजून 'बेबी गर्ल'च. नर्स दोनदा नाव विचारून गेली, दोनदा हसून टाळलं. खरं तर आमचं ठरलंय. ओर्ला. डॅनच्या पूर्वजांच्या गेलिक भाषेतलं. म्हणायला सोपं, कानाला गोड. फक्त आईला सांगायचंय. आई महिन्यापूर्वीच नागपूरहून आली, डिंक आणि बाळंतशेप घेऊन.

२० मार्च
आईला सांगितलं. भाजी ढवळत होती, ढवळतच राहिली. "यशोधरा, सुजाता, उत्पला, एवढी नावं पडलीत. त्यातलं एकही नाही?" म्हटलं, इथल्या शाळेत सोपं पडेल. "यशोधरा अवघड अन् ओर्ला सोपं?"
खरं कारण तिला सांगितलं नाही. इथे तरी लिहावं. गेल्या दिवाळीला मराठी लोकांच्या पॉटलकमध्ये आमच्या कॉम्प्लेक्समधल्या देशमाने काकू: "प्रज्ञा, छान नाव आहे हं. आडनाव काय? मूळ गाव?" मग "अच्छा", आणि मी केलेली भाजी वाढून न घेता पुढे. पुण्याच्या हॉस्टेलवरचं 'अच्छा' आणि न्यू जर्सीतलं 'अच्छा', काडीचा फरक नाही. ओर्ला, पुढे डॅनचं आयरिश आडनाव. कुणी काय विचारणार? सुटली पोरगी.

२९ मार्च
आज घोटाळा. व्हिडिओ कॉलवर केटी होती, डॅनची बहीण. मॅसॅच्युसेट्सला असते, पॅरामेडिक आहे. आई मध्येच तोंड घालून तिला म्हणाली, "केटी, यू आर आत्या. यू गिव्ह नेम. युवर राइट."
आपल्याकडे हे म्हणायचं असतं. नाव आईबाप ठरवतात. आत्या फक्त बाळाच्या कानात सांगते, पाठीवर धपाटे खाते, साडी घेऊन घरी जाते. केटीला हे कुठून माहीत? ती ढसाढसा रडली. "मी? रिअली?" नीट विचार करून सांगते म्हणाली.
फोन ठेवल्यावर डॅन माझ्याकडे बघतोय, मी आईकडे. आई: "मी आपली रीत म्हणून बोलली."
आता तिला खरं कोण सांगणार? मी म्हणते तुझी बहीण, डॅन म्हणतो तुझी रीत.

६ एप्रिल
कुणीच सांगितलं नाही. केटीचा फोन आला, नाव घेऊनच. सोरखा.
हेही गेलिकच, तिच्या नि डॅनच्या पणजीचं. पणजी कोवळ्या वयात बोटीने बॉस्टनला आली, एका बंगल्यात कामाला लागली. मालकीण म्हणाली, हे असलं नाव मला जमायचं नाही, तू आजपासून सारा. लग्नात सारा, मुलांना सारा, थडग्यावरही साराच. डॅनलाही आज कळलं. केटीने तिच्या म्हाताऱ्या मावशीकडे बसून काढून घेतलं सगळं. "तिचं नाव तिला कुणी परत दिलंच नाही," केटी म्हणाली.
गोष्ट ऐकून गलबलले. तरी मला ओर्लाच हवंय. सोरखा म्हटलं की प्रत्येक जण विचारणार, हे कुठलं नाव? पुन्हा तेच सुरू.

७ एप्रिल
आई आज बाळाला तेल लावताना बोलली. "माझ्या आईचं नाव काय होतं?" म्हटलं, विशाखा. "ते तिनं दीक्षेनंतर घेतलं. आधी कचरी होती. गावानं ठेवलेलं. आमच्यातल्या कुणी चांगलं नाव ठेवलं की गाव हसायचं."
हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं विशाखाआजी म्हणतेय.
"म्हणून केटीनं सांगितलेलं नाव बरोबर आहे. यशोधरा राहू दे." मग तेलाचा हात थांबवून, "अन् तुला ओर्ला काहून पाहिजे, ते समजते मला. लपवायचं आहे तिला."
फार राग आला. म्हटलं, लपवायला नाही, सुखाने जगायला. तिने लंगोट बांधला, पोरगी माझ्या हातात दिली. "घे. तुझी आहे."
आत जाऊन रडले. तिचं खरं होतं, त्याचाच राग.

१४ एप्रिल
जयंती. पिस्कॅटवेला हॉल भरलेला. आडनाव कुणी विचारलं नाही, तिथे गरजच काय. पोरगी या खांद्यावरून त्या खांद्यावर, मजेत. एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीने विचारलं, "ताई, हिचं नाव?" तोंडातून निघालं, सोरखा. डॅनचा खिरीचा चमचा हवेतच. "डिसाइड झालं?" म्हटलं, बघू.
परत येताना गाडीत मनातल्या मनात म्हणून पाहिलं. वाईट नाही.

२५ एप्रिल
केटी आली. बारसं उद्या, तिच्या सुट्टीसाठीच इतकं लांबवलं. शेवटी रीत मीच समजावली. चेहरा पडला बिचारीचा. मग म्हणाली, "ओके. मग कानात काय बोलू?"
"तू ठरवलंस तेच," म्हटलं. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. भांडी जरा जास्तच वाजली.

२६ एप्रिल
झालं बारसं. आईने त्रिशरण-पंचशील म्हटलं. केटी पिनांनी जखडलेल्या साडीत पाळण्यावर वाकली, कानात बोलली, आणि आईने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की ती किंचाळलीच. घर हसून बेजार. फार बरं वाटत होतं.
डॅनने शेजारी म्हणून देशमाने काकूंनाही बोलावलेलं, मला न विचारता. त्या घुगऱ्यांची वाटी घेऊन माझ्यापाशी आल्याच. "सोरखा? कुठलं गं हे नाव?"
सांगितलं. बोट, बंगला, सारा. काकूंचे डोळे भरून आले. "आई गं. नाव काढून घ्यायचं म्हणजे..."
म्हटलं, "माझ्या आजीचंही तसंच." आणि सांगितलं. विशाखाच्या आधी काय होतं, ते कुणी ठेवलं, का ठेवलं. आवाज खाली आणला नाही. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.
काकूंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाळण्यातून रडणं. उचलायला गेले. वळून पाहिलं तर काकू होत्या तिथेच उभ्या, वाटी हातात, आणि आई त्यांना अजून घुगऱ्या वाढत होती.